‘गोकुळ’ आणि ‘लेंढार’ : दरिद्री घराविषयीचा धार्मिक निवाडा आणि मराठी साहित्य

१

पुष्कळ मुले असलेल्या घराचा निर्देश करण्यासाठी मराठी भाषेने दोन स्वतंत्र शब्दसंच बाळगले आहेत. ‘गोकुळ’, ‘भरले घर’, ‘नांदते घर’, ‘लेकुरवाळी’ हा त्यांपैकी एक. ‘लेंढार’, ‘पिलावळ’, ‘पोरवडा’, ‘खंडीभर पोरे’ हा दुसरा. वस्तुस्थिती एकच असताना शब्द बदलतात ते घराच्या ऐपतीप्रमाणे. वाड्यातली सात मुले गोकुळ होतात आणि झोपडीतली सात मुले लेंढार ठरतात. पहिल्या संचातील शब्दांमागे कृष्णकथेचे आणि वारकरी भावविश्वाचे पाठबळ आहे. विठ्ठलालाही संतपरंपरेने लेकुरवाळा म्हणून पाहिले. दुसऱ्या संचातील ‘पिलावळ’ हा शब्द तर सरळ पशुपक्ष्यांच्या प्रजेवरून आला आहे. म्हणजे एकाच संख्येला भाषा एकीकडे देवत्वाच्या जवळ नेते आणि दुसरीकडे पशुत्वाच्या.

हा भेद निव्वळ शब्दांचा असता, तर त्याची नोंद भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने केली असती आणि विषय तेथेच संपला असता. परंतु साहित्यकृतीत जेव्हा निवेदक एखाद्या घराचे वर्णन करतो, तेव्हा या दोहोंपैकी कोणत्या शब्दसंचातून तो बोलतो, यावर त्या कृतीचे मूल्यभान ठरते. दारिद्र्याचे चित्रण ‘वास्तव’ आहे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेने वारंवार विचारला. त्या चित्रणात निवाडा कोण करतो आणि कोणत्या अधिकाराने करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

२

धर्मव्यवस्थेने संततीला दिलेले स्थान सर्वपरिचित आहे. पुत्र हा ‘पुं’ नामक नरकातून तारणारा, ही व्युत्पत्ती स्मृतिग्रंथांनी रूढ केली. निपुत्रिकाला परलोकी गती नाही, ही भीती घराघरांत मुरली. नमस्काराला वाकलेल्या नववधूला मिळणारा ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद म्हणजे त्या भीतीचेच मंगल रूप होय. आशीर्वाद देणारा आठ पुत्रांच्या अन्नाची तजवीज कोणी करावयाची, याविषयी काही बोलत नाही. सुखवस्तू घरात तसे बोलण्याची गरजही नसते. पण हाच आशीर्वाद दरिद्री घरात फळाला आला, की त्याच धर्माची भाषा पालटते. आता मुले हे पूर्वकर्माचे भोग होतात, आईबापांच्या असंयमाचे फळ होतात. ‘पोसवत नाहीत तर जन्माला घालता कशाला?’ हा प्रश्न विचारणारा आणि आठ पुत्रांचा आशीर्वाद देणारा ही बहुधा एकच व्यक्ती असते. धार्मिक दांभिकतेचा हा नमुना इतका अंगवळणी पडला आहे, की तो दांभिकतेचा वाटतही नाही.

या दुटप्पीपणाचे साहित्यातील एक जुने आणि अत्यंत बोलके रूप म्हणजे तुकारामांच्या पत्नीची, जिजाईची, चरित्रपरंपरेने घडविलेली प्रतिमा. दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेल्यानंतरच्या तुकारामांच्या घरात जिजाई आहे, काशी, भागीरथी, गंगा या मुली आहेत, महादेव, विठोबा हे मुलगे आहेत. धाकटा नारायण वडिलांच्या मागे जन्मला. ऐहिक उत्पन्नाकडे पाठ फिरलेल्या या घरात भाकरीचा प्रश्न रोज उभा राहत असणार, आणि तो जिजाईपुढेच उभा राहत असणार. महिपतीच्या ‘भक्तलीलामृता’त आणि त्याच्या आधारे पुढे रंगलेल्या कीर्तनांत हा प्रश्न विचारणारी जिजाई कजाग, तोंडाळ, विठोबाला शिव्या देणारी स्त्री म्हणून उभी राहते. उसाच्या मोळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. वाटेत मुलांना ऊस वाटून तुकाराम एकच ऊस घरी आणतात, जिजाई तो त्यांच्या पाठीत मारते, आणि उसाचे तुकडे झालेले पाहून तुकाराम हसतात. या प्रसंगाचे निवेदन श्रोत्याला तुकारामांबरोबर हसावयास लावते. घरात वाट पाहत बसलेल्या मुलांचा विचार करण्यास ते अवकाश देत नाही. कथेत मुले आहेत, पण ती आहेत वाटेवरची, दुसऱ्यांची. तीच तेवढी संतांच्या औदार्याची साक्षीदार होतात.

येथे दोष तुकारामांकडे जात नाही. दुष्काळाचे आणि संसारातील होरपळीचे भान त्यांच्या स्वतःच्या रचनेत आहेच. दोष आहे तो चरित्रकथेच्या रचनातंत्रात. संताच्या वैराग्याला उठाव मिळावा म्हणून तिला एक प्रतिपक्ष हवा असतो, आणि भुकेल्या मुलांची आई हा सर्वांत सोयीचा प्रतिपक्ष ठरतो. मुलांसाठी अन्न मागणे ही या कथाव्यूहात अध्यात्माची अडचण होते. दरिद्री आईवर धर्मकथेने केलेला हा निवाडा शतकानुशतके कीर्तनाच्या रंगात ऐकला गेला आणि श्रोत्यांमधल्या कित्येक जिजाईंनीही तो हसत मान्य केला.

या प्रतिमेला पहिला प्रभावी छेद ग्रंथाने दिला नाही, चित्रपटाने दिला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील गौरी या अभिनेत्रीने साकारलेली जिजाई आजारी मुलाला घेऊन देवळात शिरते आणि पायातले पायताण विठोबावर उगारते. प्रेक्षक हसतो, पण ते हसणे मध्येच अडखळते, कारण तिच्या हातात आजारी मूल आहे. शेवटी वैकुंठाच्या विमानातून जाणाऱ्या नवऱ्यामागे ती जात नाही. तिला घर आहे, मुले आहेत. चित्रपटाने भक्तिकथेची चौकट मोडली नाही. परंतु त्या चौकटीत निवाड्याचे आसन काही क्षण तरी जिजाईकडे आले. कथानक तेच राहिले आणि मुलांचे शरीर दृश्यात आल्याबरोबर न्यायाचा तराजू हलला, ही गोष्ट कथनशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे.

३

विसाव्या शतकात या निवाड्याला नवा प्रतिस्पर्धी लाभला तो संततिनियमनाच्या विचाराच्या रूपाने. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९५३ मधील मृत्यूपर्यंत चालविले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले गुदरले गेले ते सनातनी हिंदू मंडळींच्या रोषातून. १९३१ साली त्यांना दंड झाला, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. एरवी एकमेकांना पाखंडी म्हणणारे दोन धर्म एका मुद्द्यावर एकत्र आले, हे लक्षणीय आहे. गरीब बाईने मूल होऊ न देण्याचा उपाय जाणून घेऊ नये, असे दोघांनाही वाटत होते. मूल झाल्यावर तिच्या घरात काय शिजते, याची चौकशी दोघांच्याही आक्षेपांत नव्हती.

परंतु धर्माच्या निवाड्याला विरोध करणारी प्रत्येक भूमिका निवाड्यापासून मुक्त होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच १९२७ साली ना. सी. फडके यांचा भारतातील लैंगिक प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची भूमिका सुप्रजननशास्त्राची होती. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, याचा विचार तेथे ‘वंशाच्या प्रती’च्या भाषेत होतो. पापपुण्याची जागा प्रत आणि निकृष्टता यांनी घेतली, तरी वरून खाली पाहण्याचा कोन बदलला नाही. मराठी कादंबरीच्या एका संपूर्ण कालखंडावर प्रभाव गाजविणाऱ्या लेखकाच्या विचारविश्वात हा कोन होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कालखंडातील ललित गद्यात दरिद्री घरातील मुले प्रायः पार्श्वभूमीवरच्या गलक्यासारखी का येतात, याचा थोडा उलगडा होतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा ठराव आहे. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना भोगाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यांना कोणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्यात येतो. ठराव फेटाळला गेला. तरी वाङ्मयीन दृष्टीने या भाषणाचे महत्त्व त्याच्या दृष्टिकोनात आहे. अनेक मुलांचे गरीब घर येथे प्रथमच बाळंतिणीच्या खाटेवरून पाहिले गेले. मुलांची संख्या हा नीतीचा किंवा वंशाचा प्रश्न न राहता एका शरीराला सोसाव्या लागणाऱ्या दुःखाचा प्रश्न झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने संततिनियमन स्वीकारले, परंतु दृष्टिकोन मात्र या भाषणाचा उचलला नाही. कुटुंबनियोजनाच्या भित्तिचित्राची परिचित रचना आठवावी. एका बाजूला इस्त्रीच्या कपड्यांतील आईवडील व दोन हसरी मुले. दुसऱ्या बाजूला फाटक्या वस्त्रांतील जोडपे आणि त्यांच्या भोवती रडक्या मुलांचा घोळका. हे चित्र एक कार्यकारणसंबंध सुचविते : ते गरीब आहेत, कारण त्यांना मुले फार आहेत. दारिद्र्य आहे म्हणून, मुले जगण्याची शाश्वती नाही म्हणून आणि म्हातारपणाला दुसरा आधार नाही म्हणून मुले अधिक होतात, ही उलट बाजू चित्राच्या चौकटीत मावत नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात उतरले नाही. पण भित्तिचित्रातील निवाडा शिक्षेपर्यंत पोचण्यास किती थोडे अंतर उरले होते, हे त्यावरून कळते. ‘लेंढार’ हा शब्द आता शासकीय झाला होता.

४

मराठी ललित साहित्याने या निवाड्याला काय उत्तर दिले? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) पासून प्रारंभ करणे उद्बोधक ठरेल. या घरात कर्ज आहे, जप्ती आहे, अपमान आहे, आणि मुलेही एक-दोन नाहीत. तरी वाचक ती मोजत नाही. ‘इतकी मुले कशाला?’ हा प्रश्न आठ-नऊ दशकांत त्या पुस्तकाच्या कोणा वाचकाला सुचला असेल असे वाटत नाही. तो सुचू नये हेच त्या कृतीचे यश आहे. मुलाच्या कृतज्ञ निवेदनातून येणारे दारिद्र्य संस्काराचे साधन होते. पण हे यश केवळ निवेदनाचे आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे. घर ब्राह्मणाचे आहे, पडते दिवस आलेले आहेत, स्नानसंध्या व व्रतवैकल्ये सुटलेली नाहीत. अशा घराचे दारिद्र्य धर्माच्या भाषेत ‘परीक्षा’ ठरते. तेच दारिद्र्य गावकुसाबाहेर गेले, की ‘भोग’ ठरते. ‘श्यामची आई’ला निवाड्यापासून जे संरक्षण लाभले, त्यात गुरुजींच्या निर्मळ मनाचा वाटा मोठा आहे, पण जातीने दिलेल्या सवलतीचाही आहे.

ही सवलत ज्यांना नव्हती त्यांच्या घराविषयी प्रथम बोलले ते बाहेरचे निवेदक. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) ही कादंबरी झोपडपट्टीतील जीवनाकडे नीतीचा चष्मा काढून पाहते, हे तिचे श्रेय वादातीत आहे. परंतु अशा लेखनात निवेदक निवाडा देत नाही, तो तहकूब ठेवतो. वाचकाच्या मध्यमवर्गीय नजरेला धक्का बसावा, ही अपेक्षा त्यामागे असते, आणि धक्का बसण्यासाठी ती नजर जागच्या जागी असावी लागते. निवाड्याचे आसन मोकळे ठेवणे वेगळे आणि ते उलथून टाकणे वेगळे. हे दुसरे काम आत्मकथनांनी केले.

५

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) हे या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पुस्तक होय. त्याच्या शीर्षकातील ‘आमुचं’ हे अनेकवचन औपचारिक नाही. येथे एका घराची कथा नाही. वीरगावच्या महारवाड्याची, म्हणजे एकाच प्रकारच्या अनेक घरांची कथा आहे. आषाढात घरे सारवली जातात, बायका न्हातात, अंगात येते, देवीला रेडा बळी जातो. घरातला थोरला मुलगा पोतराज म्हणून देवाला सोडला जातो आणि त्या घराला मान मिळतो. वाचकाला प्रथम हा सारा प्रकार अंधश्रद्धेच्या सदरात टाकावासा वाटतो. लेखिकाही त्यावर कठोर टीका करते. पण तिच्या टीकेची दिशा वेगळी आहे. ज्या धर्माने आम्हाला उकिरड्यावर फेकले, तोच धर्म आम्ही निष्ठेने जपला, ही तिची मुख्य व्यथा आहे. धर्म पाळण्यात हे लोक उणे पडले म्हणून दरिद्री राहिले, असा गावाचा दावा. पाळण्यात यत्किंचितही उणे न पडल्यामुळे ते जागच्या जागी राहिले, असे हे पुस्तक सिद्ध करते. धार्मिक निवाड्याचा पायाच त्यामुळे खचतो.

पोतराजाच्या प्रथेकडे अपत्यांच्या प्रश्नाच्या संदर्भात पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट उघड होते. पुत्र परलोकासाठी हवा, असे वरच्या जातींचा धर्म सांगतो. महारवाड्यातील थोरला पुत्र इहलोकीच देवाच्या नावाने काढून घेतला जातो. तो कमावणार नाही, कोरडे ओढून मागत फिरेल. म्हणजे एका घरात पुत्र देव देतो, आणि दुसऱ्या घरातून देव पुत्र नेतो. त्या दुसऱ्या घरात आणखी मुले हवीशी वाटली, तर त्यास असंयम म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला पोचतो?

बाळंतपणाविषयीची पाने या पुस्तकाचा गाभा आहेत. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुली, कोवळ्या वयातली पहिली बाळंतपणे, सुइणींचे अघोरी उपाय, बाळंतिणीच्या पोटाला घट्ट बांधलेल्या चिंध्या, खायला काही नाही म्हणून निपचित पडून राहणे, आणि जन्मून डोळे मिटणारी मुले. लेखिका हे सर्व वेगाने, जवळजवळ श्वास न घेता सांगते. तिच्या वाक्यांत हळहळ लांबवण्याला सवड नाही. ज्याला बाहेरून ‘खंडीभर पोरे’ म्हणून मोजले जाते, त्या मोजणीत मेलेली मुले नसतात. आईच्या मोजणीत ती असतात. दोन मोजण्यांतील हा फरक हाच ‘जिणं आमुचं’चा खरा आशय होय. जगलेल्या मुलांवर गाव बोलते, मेलेल्या मुलांवर धर्म ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो. दोन्हींची बेरीज करणारी एकटी बाळंतीण असते.

या पुस्तकात लेखिका आपल्या वस्तीलाही सोडत नाही. सुनेचा छळ करणाऱ्या सासवा, संशयावरून बायकांची नाके कापण्याचे प्रकार तिने झाकले नाहीत. म्हणजे निवाडा येथे नाहीसा झालेला नाही. तो करण्याचा हक्क कोणाचा, हे मात्र बदलले आहे. लाकडाच्या मोळ्या विकायला ब्राह्मण आळीत गेलेल्या बाईला मोळीत आपला केस किंवा धागा तर राहिला नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागे. त्या लाकडावर वरच्या घरातला नैवेद्य शिजणार होता. नैवेद्याच्या चुलीपर्यंत पोचलेला तिचा घाम चालला, केस चालला नाही. हे सांगताना लेखिका वरच्या जातीतील वाचकाला थेट दुसऱ्या पुरुषात संबोधते, तेव्हा निवेदनाची सबंध रचनाच फिरते. वाचक आता न्यायासनावर नाही. तो पिंजऱ्यात आहे.

६

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हन्नूरच्या या घरात आई मसामाय आहे, आजी संतामाय आहे, तिच्याबरोबर राहणारा मुसलमान ‘दादा’ आहे, आणि मसामायची वेगवेगळ्या बापांची अनेक मुले आहेत. हे घर गोकुळ तर नाहीच. ‘लेंढार’ म्हणण्याइतकेही स्थान गावाने त्याला दिलेले नाही. त्याला ‘अक्करमाशी’ हा स्वतंत्र शब्द आहे. बारा माशांचा तोळा पुरा, अकरा माशांचा उणा. मूल जन्मताच सोन्यासारखे तोलले जाते आणि एका माशाने कमी भरते. तोलणारे कोण? ज्यांनी ते मूल जन्माला घातले तेच पाटील. दिवसा ज्या बाईच्या सावलीचा विटाळ होतो, तिच्या शरीराचा रात्री विटाळ होत नाही. तिच्या मुलांना बापाचे नाव मिळत नाही, आणि ते नाही म्हणून शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत सर्वत्र त्यांचीच चौकशी होते.

या आत्मकथनाचे श्रेष्ठत्व असे, की लिंबाळे निवाड्याचा प्रश्न पाटलापाशी थांबवीत नाहीत. अक्करमाशी म्हणून त्यांना मुलगी देण्यास महार समाजातही नकार मिळतो. शुद्धतेची कल्पना वरून खाली झिरपते आणि जो स्वतः अशुद्ध ठरविला गेला आहे, तोही आपल्याखाली एक अशुद्ध शोधतो. याहून अवघड गोष्ट म्हणजे निवेदकाच्या मनातला आईविषयीचा निवाडा. तो तिच्यावर रागावतो, तिला प्रश्न विचारतो, आणि तिचा इतिहास उलगडत गेला, की त्याचा राग धरण्याजोगा राहत नाही. धर्माने शिकवलेली लाज मुलाच्या मनात आईविरुद्ध उभी राहते, हे या व्यवस्थेचे सर्वांत खोल यश. ती लाज शब्दांत पकडून परत फेकणे, हे या कृतीचे.

भुकेचे चित्रण येथे मोजणीच्या रूपात येते. संतामाय शेणातले न पचलेले जोंधळ्याचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्याची भाकरी स्वतः खाते. नातवाला मागून आणलेल्या पिठाची देते. एकदा तो तिची भाकरी चाखतो आणि त्याला शेणाचा वास येतो. सहलीच्या दिवशी सवर्ण मुलांच्या उरलेल्या अन्नाचे गाठोडे मिळते, तेव्हा घरी आई विचारते की तिच्यासाठी का आणले नाही. ज्या घराला ‘पोसवत नाहीत तर कशाला’ असे विचारले जाते, त्या घरात कोणी काय खायचे याचा इतका काटेकोर, इतका निःस्वार्थी हिशेब चाललेला असतो. ‘असंयम’ हा शब्द या चुलीपुढे टिकत नाही. संतामायच्या एका भाकरीत जो संयम आहे, त्याला धर्मग्रंथांत तप म्हटले असते. तो महारवाड्यात असल्यामुळे त्याला नाव नाही.

७

ही केवळ जातिव्यवस्थेची विकृती आहे, असा समज होऊ नये म्हणून एका परदेशी आत्मकथनाचा निर्देश आवश्यक वाटतो. फ्रँक मॅकोर्ट यांचे ‘अँजेलाज ॲशेस’ (१९९६) आयर्लंडमधील लिमरिक शहरातल्या १९३० व १९४० च्या दशकांतील एका कॅथलिक घराची कथा सांगते. सात मुले जन्मली, तीन लहानपणीच गेली. बाप दारूत पगार घालवतो. चर्चच्या शिकवणीनुसार संततिप्रतिबंध हे पाप होते आणि १९३५ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये त्याच्या साधनांची विक्री व आयात बंद केली होती. म्हणजे मुले होऊ देणे हे धर्माचे बंधन. पण हीच आई मदतीसाठी धर्मादाय संस्थेच्या दारात उभी राहिली, की तिच्या घराची तपासणी होते, तिच्या उत्तरांवर टोमणे मारले जातात. लॅटिन प्रार्थना पाठ केलेला मुलगा वेदीसेवक होण्यासाठी चर्चच्या दाराशी जातो, तेव्हा त्याच्या गरिबीकडे एक दृष्टी टाकून दार लावून घेतले जाते. पत्नीधर्म पाळला नाही तर चिरंतन नरक मिळेल असे नवरा बजावतो, आणि आणखी मुले होणार नसतील तर तो नरकही पत्करेल, असे आई सुचविते. ‘पुं’ नामक नरकाच्या भीतीला मिळालेले हे दूरदेशीचे उत्तर होय.

मॅकोर्ट यांचे तंत्र मराठी आत्मकथनांहून वेगळे आहे. त्यांचा निवेदक मूल आहे, आणि मूल निवाडा करीत नाही, ते फक्त पाहते. तळमजल्यात पाणी शिरल्यावर कुटुंब वरच्या उबदार खोलीत राहू लागते आणि तिला ‘इटली’ म्हणते. पोपची तसबीरही वर येते. येथे विनोद कडवट होत नाही, पण धर्माचे सारे वैभव आणि घराची सारी ओल एका शब्दात समोरासमोर येतात. कांबळे आणि लिंबाळे यांना या निरागसतेची मुभा नव्हती. लिमरिकच्या मुलाला वर्ग बदलून, समुद्र ओलांडून निवाड्याबाहेर पडता आले. अक्करमाशाला तसे बाहेर पडता येत नाही, कारण तोल त्याच्या जन्माचा झालेला असतो. म्हणून मॅकोर्ट हसू शकतात आणि लिंबाळे यांना प्रश्नच विचारावे लागतात. दोन्ही कृतींतील साम्य धर्मसंस्थेच्या वर्तनात आहे आणि भेद सुटकेच्या शक्यतेत. तुलनात्मक अभ्यासात साम्यावर भुलून या भेदाचा विसर पडणे हेही एक प्रकारचे अन्याय्य वाचन होय.

८

आता समीक्षेचा प्रश्न उरतो. दलित आत्मकथने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे स्वागत प्रामुख्याने ‘विदारक’, ‘दाहक’, ‘प्रांजळ’ या विशेषणांनी झाले. यांपैकी ‘प्रांजळ’ हा शब्द विशेष तपासण्यासारखा आहे. कबुली देणाऱ्याला प्रांजळ म्हणतात. मसामायच्या मुलांची हकीकत सांगणाऱ्या लिंबाळे यांना प्रांजळ म्हणणे म्हणजे त्या हकीकतीत कबूल करण्यासारखा काही दोष त्यांच्या घराकडे आहे, असे गृहीत धरणे. पाटलाच्या घरातून कोणी असे आत्मकथन लिहिले असते, तर तो शब्द योग्य ठरला असता. तसे आत्मकथन मात्र मराठीत अद्याप कोणी लिहिलेले दिसत नाही. ‘करुण’ या संज्ञेचीही अशीच अडचण आहे. रसव्यवस्थेतील करुण सहृदयाला द्रवविते आणि द्रवून झाल्यावर त्याला निर्दोष करून सोडते. संतामायच्या भाकरीने वाचक द्रवला आणि सुटला, तर ती भाकरी पुन्हा एकदा त्याचा नैवेद्य झाली.

या कृती शिकविताना किंवा त्यांवर लिहिताना समीक्षेने स्वतःचे शब्द प्रथम तपासावेत, एवढी मागणी त्यांच्या रचनेतच अनुस्यूत आहे. जिजाईला कजाग ठरविणारा कीर्तनकार, वंशाची प्रत मोजणारा सुधारक, भित्तिचित्र रंगविणारा शासकीय चित्रकार आणि ‘दाहक’ म्हणून पुस्तक मिटणारा समीक्षक यांच्यात हेतूंचे अंतर पुष्कळ आहे. परंतु चौघेही दाराबाहेर उभे राहून घरातली मुले मोजतात. कांबळे आणि लिंबाळे यांनी ही मोजणी आतून केली. मेलेली मुले धरली, नाव न मिळालेली धरली, देवाला सोडलेली धरली. त्या बेरजेला ‘गोकुळ’ हा शब्द पुरत नाही आणि ‘लेंढार’ हा शब्द उच्चारवत नाही. मराठी भाषेला या घरासाठी तिसरा शब्द अजून सापडावयाचा आहे.